माझ्या सामुराईनं कुणालाच मारलं नाही

एकही माणूस न मारता म्हातारा झालेला सामुराई सेनापती अख्ख्या जपानात एकच होऊन गेला. तो मी घडवला. सिडनीत, पेंडल हिलच्या आमच्या घरात, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. त्याच्या शिरस्त्राणाची शिंगं इतकी मोठी होती, की उजव्या शिंगावर कावळ्यानं घरटं केलं तर डाव्या शिंगावरच्या कावळ्याला ते आठवडाभर कळत नसे. हे मी शपथेवर सांगतो. माझी शपथ किती टिकते ते माझ्या बायकोला विचारा. किंवा नकाच विचारू.

त्याला एवढा सात्त्विक मी हौसेनं केला नव्हता. माझ्यावर दबाव होता. दबाव म्हणजे माझी आत्या.

आत्या नागपूरहून आमच्याकडे आली ती तीन महिन्यांसाठी, दोन बॅगा घेऊन. त्यातली एक बॅग निव्वळ मूगवड्यांची. ती आली आणि तिच्या मागून दार बंद व्हावं तशी देशाची सीमा बंद झाली. मधे विशेष विमानं सुटायची, नाही असं नाही. पण तिचा दमा आणि तिकडची कोरोनाची लाट पाहून आम्हीच तिला सोडलं नाही. त्यामुळे विषाणू, सीमा, थंडी आणि सिडनीतली बेचव वांगी या सगळ्यांसाठी तिनं मला एकट्याला जबाबदार धरलं होतं. वर्ष उलटून गेलं होतं आणि खटला अजून चालूच होता.

अशात दुसरा वर्षावास आला. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी पावसात भटकू नये, एका जागी राहावं, म्हणून वर्षावास. आमच्या नागपूरच्या वस्तीत हे तीन महिने विहारात रोज ग्रंथाचं वाचन चालतं. एकजण वाचतं, बाकीचे ऐकतात, शेवटी खीर. इथं ऑस्ट्रेलियात नेमका हिवाळा, आणि त्या वर्षी सरकारनं आषाढाचा मुहूर्त गाठून सिडनीला घरात बसवलं. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. आमच्या पश्चिमेकडच्या भागाला तर वरून रात्रीची संचारबंदी आणि डोक्यावर हेलिकॉप्टर. त्याच शहरातल्या सुखवस्तू कॅसल हिलचे आमचे मित्र फोनवर "नो वरीज, होईल सगळं ठीक" म्हणायचे. त्यांच्यावर हेलिकॉप्टर नव्हतं.

आत्या मात्र खूष झाली. "हे बेस हाय," ती म्हणाली. "अख्ख्या शहराले भिक्खू करून टाकलं."

दर शनिवारी संध्याकाळी आम्ही काही घरं स्क्रीनवर जमायचो. पेंडल हिलची तीन, कॅसल हिलची दोन, आणि मेलबर्नच्या क्रेगीबर्नमधलं एक जोडपं, ज्याचं पोरगं सतत कॅमेऱ्याला नाक लावून बसायचं. आधी वंदना, मग पंचशील, मग वाचन. आत्यानं वाचावं म्हणून सगळ्यांनी गळ घातली, पण ती हलली नाही. "मी खुर्चीशिवाय वाचत नाही," ती म्हणाली. घरात आठ खुर्च्या होत्या. ती त्यांच्याबद्दल बोलत नव्हती.

वाचन चालू असताना मुलं चुळबुळ करायची, म्हणून ठरलं की शेवटी त्यांना कुणीतरी गोष्ट सांगावी. सगळ्यांनी आपापले कॅमेरे खाली वळवले. माझं तोंड मात्र माझ्या आधी बोलतं. "बौद्ध देशातली सांगतो," मी म्हणालो. "जपानची. एका स्वामिनिष्ठ सामुराई सेनापतीचं आयुष्य, जन्मापासून शेवटपर्यंत!"

सामुराईबद्दल माझं ज्ञान म्हणजे आत्याला घेऊन येताना विमानात पाहिलेला अर्धा सिनेमा. अर्ध्यावर विमान उतरलं. शेवट मला आजही पाहायची हिंमत नाही. का ते कळेलच.

पहिला भाग मी झकास सुरू केला. बर्फाळ मुलखात राजाचे घोडे सांभाळणाऱ्या एका मोतद्दाराच्या घरी पोरगा जन्मला. एका रात्री तरुण राजा शिकारीहून आला, घोड्याचा लगाम या पोराच्या हातात देऊन "आलोच" म्हणाला आणि आत जाऊन झोपून गेला. सकाळी दार उघडलं तर अंगणात बर्फाचे दोन ढिगारे. एक घोड्याच्या आकाराचा, एक पोराच्या. राजानं मोठ्या ढिगाऱ्यावर फुंकर मारली तर घोडा शिंकला. लहान ढिगाऱ्यावर मारली तर आतून आवाज आला, "लगाम कुणाला देऊ?"

क्रेगीबर्नच्या पोरानं कॅमेऱ्यावरून नाक काढलं. मला चेव चढला. "आणि पंधराव्या वर्षी पहिल्याच लढाईत त्यानं सपासप तीन..."

"थांब बे," सोफ्यावरून आवाज आला. "आत्ता हात जोडून पाणातिपाता म्हणला नं तू? जीव घेणार नाही म्हणला नं? आन आता मुंडकी उडवून राह्यला?"

"आत्या, तो सामुराई आहे. त्याचं कामच ते."

"त्याचं काम असंन. तुयं काम काय हाय? पंचशील घेऊन बसलेल्या लेकराइसमोर रक्त सांडतं?"

स्क्रीनवरच्या सगळ्या आया माना हलवायला लागल्या. झालं. त्या क्षणापासून माझ्या सेनापतीच्या आयुष्याला पाच कुलपं लागली. मारायचं नाही, म्हणजे लढाया जिंकायच्या कशा? चोरायचं नाही, म्हणजे शत्रूचे घोडे पळवणं बंद. तिसऱ्या शीलामुळे त्याचं लग्न एकदाच, लवकर आणि कंटाळवाणं झालं. दारू नाही, म्हणून विजयाच्या मेजवानीत त्याचे सैनिक तांदळाची पेज पिऊन नाचले. सगळ्यात वाईट चौथं. खोटं बोलायचं नाही. गनिमी डाव गेला, फितुरी गेली, मी स्वतः अर्धा गेलो.

तरी गडी जिंकत राहिला. एका लढाईच्या आदल्या दिवशी त्यानं एकट्यानं शत्रूच्या छावणीत जाऊन सांगितलं, "उद्या बर्फ पडणार आहे, घरी जा." ते हसले. बर्फ पडला. गेले. युद्धशास्त्रात या डावाला काय म्हणतात मला ठाऊक नाही. दुसऱ्या लढाईत त्यानं वाऱ्याच्या बाजूला चुली मांडून कढी फोडणीला टाकली. तो वास आला मात्र, समोरची अर्धी फौज ताटं घेऊन आली.

"जपानात कढी करते काय?" माझ्या मुलीला सोडून सगळ्यांना हा प्रश्न पडला. मुलगी नऊ वर्षांची, तिला वेगळाच पडला. "बाबा, डज ही एव्हर यूज द स्वोर्ड?"

"वापरतो ना. कलिंगड कापायला."

"दॅट्स सो लेम."

असं बरं चाललं होतं. मग नागपूरहून आत्याच्या धाकट्या भावजयीचा फोन आला. आत्या फोन स्पीकरवर ठेवते, त्यामुळे बातमी मला, बायकोला आणि कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांनाही मिळाली. विहार उघडलं होतं. थोड्याच बाया, मास्क लावून, अंतर ठेवून बसत होत्या. आणि आत्याच्या खुर्चीत बसून वाचत होती कुलरवाली.

कुलरवाली म्हणजे विहारासमोर राहणारी बाई. वस्तीत पहिला कुलर तिच्याकडे आला, तेव्हापासून तिचं हेच नाव. विहाराची किल्ली तिच्याकडे असते. आवाज असा, की जातककथासुद्धा बसचे थांबे पुकारल्यासारखी वाटावी. आणि आत्या म्हणजे त्या विहारातली वाचणारी. काळ्या लाकडाची, हातांची खुर्ची, समोर चौरंग. आत्या वाचायला लागली की राजा राजासारखा बोलायचा आणि हत्ती हत्तीसारखा. ती खुर्ची हा तिचा हुद्दा होता, पेन्शन होती आणि माहेरही होतं. विधवा झाल्यावर ती जी त्या खुर्चीत बसली, ती इकडे येईपर्यंत.

अशी खुर्ची एकदा गेली की परत मिळत नाही, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. कारण तिनं स्वतः ती अशीच मिळवली होती. आधीची वाचणारी गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली होती.

त्या रात्री आत्या जेवली, पण मूगवडीच्या भाजीला नावं न ठेवता जेवली. बायको मला कोपरानं ढोसून म्हणाली, "काहीतरी गंभीर आहे."

शनिवारी सकाळी आत्या स्वयंपाकघरात आली. "त्या तुया सेनापतीले किल्ला दे," ती म्हणाली. "आन राजाले राजधानीत अडकव. त्याले निघता आलं नाही पाह्यजे."

"का निघता येत नाही?"

"नातेवाईक सोडून नाही राह्यले," आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली.

तेव्हा राजा अडकला. राजधानीतून बोलावणं आलं, राजा निघाला, जाताना वेशीवर सेनापतीचा हात धरून म्हणाला, "मी येईपर्यंत किल्ला सांभाळ." सेनापती म्हणाला, "लगाम माझ्या हातात आहे." इथं मी स्वतःवरच खूष होऊन थोडा थांबलो. मग आत्याच्या हुकमावरून गोष्टीत एक कारभारी आणला. सपाट आवाजाचा. राजाची पाठ वळताच हा गडी थेट राजाच्या गादीवर जाऊन बसला आणि तिथून हुकूम वाचू लागला.

"आता त्याले हाकल," पुढच्या शनिवारी आत्या म्हणाली.

"कसा हाकलू? मारायचं नाही, खोटं बोलायचं नाही..."

"मारू नको न बाप्पा. मूळव्याध होऊ दे."

कारभाऱ्याला मूळव्याध झाली. त्या संध्याकाळी मी तिचं रसभरीत वर्णन करत असताना स्क्रीनवर एक नवा चौकोन उघडला. त्यात आधी छताचा पंखा दिसला, मग एक कपाळ, मग अर्धा चष्मा. भावजयीनं लिंक फोडली होती.

"जय भीम," चौकोन म्हणाला. "मी बी ऐकतो म्हटलं. चालू द्या."

आत्यानं "जय भीम" म्हटलं, पण ते इतकं गार होतं की मी उठून हीटर वाढवला. कुलरवालीच!

"मले येक सांग बाबू," कुलरवाली मला म्हणाली. "त्या कारभाऱ्याले मूळव्याध कशानं झाली?"

मी आत्याकडे बघितलं. आत्या पंख्याकडे. "गादीवर बसून," मी म्हणालो.

"मंग राजाले काऊन नाही झाली? तो त इतके वर्षं बसला."

क्रेगीबर्नची बाई हसू दाबताना पडद्याआड गेली. आत्या सोफ्यावर सरळ झाली. "राजा हलका बसे," ती म्हणाली.

तिथून माझ्या हातात काही राहिलं नाही. दर शनिवारी मी तोंड उघडायचो आणि पेंडल हिल विरुद्ध नागपूर असा सामना सुरू व्हायचा. आत्या म्हणाली, कारभाऱ्याचा आवाज ऐकून किल्ल्यातली कबुतरं उडून गेली. कुलरवाली म्हणाली, "आवाज कसा का असंना, हुकूम लोकाइले ऐकू आला पाह्यजे. का राजा नाही म्हणून किल्ल्यात समदे मुके बसतीन?" आत्या म्हणाली, गादीला परक्या माणसाचा हात लागू नये. कुलरवाली म्हणाली, "हात नाही लावला त उंदीर लागते." मी मधे सेनापतीला घालायचा प्रयत्न करायचो. तो भिंतीवर उभा राहायचा, वादळं झेलायचा, तिन्ही बाजूंनी शत्रूचा वेढा पडलेला, शिंगांवर कावळ्यांची तिसरी पिढी. पण त्याच्याकडे लक्ष कोण देतंय! सगळ्यांना गादीचं पडलं होतं. कॅसल हिलच्या एका गृहस्थानं तर कारभाऱ्याच्या बाजूनं बोलून स्वतःच्याच बायकोशी अबोला ओढवून घेतला.

मलाही सुरुवातीला ही मजाच वाटत होती. मग एका दुपारी मी मागच्या दारानं कचरा टाकायला गेलो, तर आत्या अंगणात उभी. समोर कपडे वाळत घालायची मोठी लोखंडी छत्री, तिच्यावर माझे शर्ट, मुलीचा शाळेचा झगा, चादरी. आणि आत्या त्यांना वाचून दाखवत होती. हातात ग्रंथ नव्हता, पाठच होता तिला. राजा राजासारखा, हत्ती हत्तीसारखा. वारा नव्हता, तरी माझा निळा शर्ट मान हलवत होता, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मला बघून ती थांबली. "वाचलं नाही त आवाज जाते," ती म्हणाली. मग त्या निळ्या शर्टाची बाही नाकाशी नेऊन, "तिकडं त आता कोणाले आठवण बी नसंन, का मी वाचत होती."

मी काहीतरी विनोद केला. तो इथं सांगण्यासारखा नाही.

अश्विन पौर्णिमेच्या आठवड्यात आमचा लॉकडाऊन उठला, क्रेगीबर्नवाले अजून आतच होते. गोष्ट त्याच शनिवारी संपवायची होती. आत्यानं खीर केली, कुंपणावरून शेजाऱ्यांना दिली, आणि पांढरं लुगडं नेसून सोफ्यावर बसली. मी ठरवलं होतं: राजा परत येतो, कारभारी गादीवरून उठतो, सेनापती वाकतो, सगळे पेज पितात. आत्याला मान्य होतं. तिला राजा परत यायला हवा होता, बस.

मी घसा साफ केला आणि माझी मुलगी म्हणाली, "बाबा, आय वॉच्ड द होल मूव्ही."

"आता नको, बेटा."

"द लॉर्ड नेव्हर कम्स बॅक. ही डाइज इन द कॅपिटल. आणि मग तो सेनापती स्वतःचं पोट कापतो. बिकॉज ही'ज लॉयल."

एरवी पोरगी मराठीत एक वाक्य पूर्ण करत नाही. नेमकं हे केलं.

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. पोट कापलं म्हणून नव्हे. आत्या सोफ्यावर बसली होती आणि तिच्या हातातला खिरीचा चमचा वाटीत तसाच उभा होता. राजा राजधानीत मेला. परतलाच नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "सिनेमावाले काय वाटेल ते दाखवतात!" पण माझा आवाज मलाच बसचे थांबे पुकारल्यासारखा ऐकू आला.

तेवढ्यात नागपूरचा पंखा हलला.

"पोरी, शिनिमा राहू दे," कुलरवाली म्हणाली. "बाबू, तू मले येक सांग. इतके महिने गोष्ट सांगून राह्यला, तुया सेनापती बसत कुठी होता?"

"कुठं म्हणजे?"

"कारभारी गादीवर बसला म्हणतं. राजा राजधानीत. मंग सेनापती? का उभाच होता?"

खरं सांगतो, हे मला सुचलंच नव्हतं. मी त्याला शिंगं दिली, कावळे दिले, बसायला काही दिलं नाही.

"नाही माहीत? मी दाखवतो."

चित्र गदागदा हललं. छत, खिडकी, भिंतीवरचा निळा रंग, आणि मग स्थिर झालं. विहार होतं. चौरंगामागे काळ्या लाकडाची खुर्ची. तिच्यावर जुनं पांढरं पातळ घडी करून अंथरलेलं, त्यावर पारदर्शक प्लास्टिक, उंदरांसाठी का धुळीसाठी कोण जाणे. खुर्ची रिकामी. आणि तिच्या बाजूला, चौरंगाच्या कडेला, आंघोळीच्या मोरीत ठेवतात तसलं प्लास्टिकचं लाल स्टूल.

कुलरवाली कॅमेऱ्यात आली. बाई भरदार आहे. ती त्या स्टुलावर बसली तेव्हा स्टूल दिसेनासं झालं.

"सेनापती इथं बसत होता," ती म्हणाली. "आषाढापासून. कोणी बी खुर्चीत बसतो म्हणलं तरी बसू नाही दिलं. आन पोट-बिट काही कापत नाही तो. राजाले यायचं असंन तवा येईन."

मी आत्याकडे बघायचं टाळलं. बायकोही टाळत होती. मुलीनं बघितलं, म्हणून मला कळलं की आत्या रडत नव्हती. ती चष्मा पुसून, स्क्रीनला नाक लावून खुर्ची तपासत होती.

"ती खिडकीपाशी काऊन ठेवली?" आत्या म्हणाली. "उन्हानं पॉलिश जाईन नं तिचं."

"तू ये आन सरकव."

"आन प्लास्टिकवर धूळ हाय. पुसत नाही वाटते."

"माय वं! गुडघे पाह्य माये. वाचू का पुसू?"

"आवाज त तसाच हाय तुया," आत्या म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा खिरीचा चमचा तोंडात घातला. मग माझ्याकडे वळून, हुकूम द्यावा तसं, "गोष्ट अशी संपव बे. सेनापतीले गुडघ्याचा वात होता. त्याच्यानं वाकून पोट कापणं काही जमलं नाही. तवर राजा आला. उशिरा आला, पण आला."

"आणि कारभारी?" क्रेगीबर्नच्या पोरानं विचारलं.

आत्यानं वाटीतली खीर ढवळली. चौथं शील आडवं आलं असावं. "कारभारी नव्हताच," ती म्हणाली. "राजाले कोणीतरी फोनवर चुकीचं सांगतलं होतं."

नागपूरच्या चौकोनात कोपऱ्यात बसलेली भावजय एकदम पाणी आणायला उठली.

विमानं सुरळीत झाल्यावर आत्या निघाली. जायच्या आदल्या दिवशी तिनं मला हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात न्यायला लावलं आणि कॅम्पिंगच्या घडीच्या खुर्च्यांची अख्खी रांग एकेकीत बसून पाहिली. दुकानातला पोरगा "यू राइट, लव्ह?" म्हणत मदतीला आला, तर त्यालाही एकीत बसवून पाहिलं. शेवटी एक हिरवी, रुंद, हाताला पेला ठेवायची खोलगट जाळी असलेली घेतली. मूगवड्यांच्या रिकाम्या बॅगेत ती आडवी बसेना, तेव्हा आत्यानं स्वतःचे तीन स्वेटर बाहेर काढले.

पुढच्या आषाढात विहारातून व्हिडिओ आला. काळ्या खुर्चीत आत्या, खुर्ची खिडकीपासून चांगली चार हात लांब. बाजूला हिरव्या ऑस्ट्रेलियन खुर्चीत कुलरवाली, आणि पेल्याच्या जाळीत खोचलेला विहाराचा माईक. वाचन आत्याचं, पण माईक कुलरवालीकडे. दर पानाला आत्याला मान वाकडी करून तो मागावा लागत होता.

रात्री फोन आला. आत्या चिडलेली.

"काय खुर्ची घेतली बे तू! तिची माया खुर्चीपेक्षा मऊ हाय."

"तूच निवडलीस ना, आत्या?"

"मी काय तिच्यासाठी घेतली होती?" ती म्हणाली. "सेनापतीसाठी घेतली होती. मले काय माहीत, ही उठनच नाही म्हणून."